मीटरचा किलोमीटर आणि रस्त्याचा किलोमीटर

वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातील गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, मलकापूर आणि नांदुरा या दोन बाजारपेठांच्या दरम्यान आहे. या महामार्गाचा जुना क्रमांक ६. परिसरातील सोयाबीन, कापूस, तूर, मका याच रस्त्याने बाहेर पडतात आणि येताना खत, सिमेंट, लोखंड, किराणा आत येतो. या वाहतुकीतला मोठा वाटा पिकअप गाड्यांचा. शेतापासून बाजार समितीपर्यंतची सगळी ओढाताण हीच गाडी करते. तिची अर्धी जिंदगी गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर जाते आणि अर्धी काळ्या मातीच्या पांदणीत.

पांदणीत गाडी एकदा रुतली की ती काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. म्हणूनच टायर बदलायची वेळ आली की मालकाच्या मनात एक विचार हमखास येतो: टाकायचेच आहेत तर एक माप मोठे का टाकू नयेत? गाडी थोडी उंच होईल, चिखलात अडणार नाही, दिसायलाही दणकट दिसेल. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरच्या टायरवरील कर तर ५ टक्क्यांपर्यंत उतरला. पिकअपच्या एका टायरची करपूर्व किंमत ६,००० रुपये धरली तर टायरमागे ६०० रुपये वाचतात, चार टायरमागे २,४००. वाचलेल्या पैशांत थोडी भर घालून मोठे माप घ्यावे, हा मोह स्वाभाविक आहे.

मग महिन्याभराने तक्रार सुरू होते. बाराचा ॲव्हरेज देणारी गाडी अकरावर आली. कोणी पंपावर संशय घेतो, कोणी इंजेक्टर तपासून घेतो, कोणी टायरच्या कंपनीला बोल लावतो. या तक्रारीत तथ्य आहे, पण ती पूर्ण खरी नाही. मोठ्या टायरने डिझेल जास्त जाते हे बहुतेक वेळा खरे असते. मात्र किती जास्त जाते हे मालक ज्या मीटरवरून ठरवतो, त्या मीटरचाच हिशेब मोठ्या टायरने बिघडवलेला असतो.

मीटर नेमके काय मोजते?

गाडीतील किलोमीटरचे मीटर रस्ता मोजत नाही. ते फेऱ्या मोजते. चाक किंवा चाकाला फिरवणारा दांडा किती वेळा फिरला हे पाहून, एका फेरीत गाडी किती पुढे जाते या कारखान्यात ठरलेल्या आकड्याने ते गुणाकार करते. टायरचा व्यास वाढला की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच आकड्याने गुणत राहते.

हा फरक टायरवर छापलेल्या मापावरून कोणालाही काढता येतो. समजा टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. यातील २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१.२५ मिलिमीटर. ही उंची वर आणि खाली अशी दोनदा धरायची, म्हणजे ३२२.५. त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवले की टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो.

आता त्याच रिमवर २३५/७५ आर १५ बसवला तर? त्याच हिशेबाने व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो. वाढ ३० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४.३ टक्के. गाडी रस्त्यावर १,२०० किलोमीटर धावली तरी मीटर साधारण १,१५१ च दाखवते. उरलेले ४९ किलोमीटर हिशेबातून गळतात. डिझेल मात्र पूर्ण १,२०० किलोमीटरचे जळलेले असते.

आता ॲव्हरेजचे गणित पाहू. जुन्या टायरवर १,२०० किलोमीटरला १०० लिटर डिझेल लागत होते, म्हणजे लिटरला १२ किलोमीटर. मोठ्या टायरवर त्याच फेऱ्यांना १०३ लिटर लागले असे धरू. मालक मीटरवरचे १,१५१ भागिले १०३ करतो आणि उत्तर येते ११.१७. त्याला वाटते, जवळपास ७ टक्के फटका बसला. खरे अंतर धरले तर उत्तर ११.६५ येते, म्हणजे खरी घट सुमारे ३ टक्के. तक्रारीतला निम्म्याहून जास्त भाग डिझेलचा नाही, मोजमापाचा आहे.

नेमक्या मापाचे नवे टायर टाकल्यावरही ‘ॲव्हरेज पडला’ असे अनेकांना वाटते. त्याचेही एक कारण हेच आहे. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर असेल आणि कायद्याने चालणाऱ्या १.६ मिलिमीटरपर्यंत तो झिजला, तर दोन्ही बाजूंनी मिळून व्यास जवळपास १३ मिलिमीटरने घटतो. हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास जाते. झिजलेल्या टायरवर मीटर थोडे जास्त किलोमीटर दाखवत असते आणि मालकाला त्या फुगलेल्या आकड्याची सवय झालेली असते. नवा टायर आला की फुगवटा उतरतो. शिवाय नव्या टायरचे जाड रबर फिरताना जास्त दबते, त्यामुळे थोडे इंधन खरोखरच जास्त लागते. पण म्हणून गुळगुळीत टायरवर गाडी पळवणे हा काही उपाय नव्हे. पावसात तोच टायर घसरतो.

जास्तीचे डिझेल जाते कुठे?

मोजमापाचा दोष बाजूला काढल्यावर जी खरी घट उरते, तिची कारणे चार आहेत.

पहिले कारण टायरच्या दबण्याचे. टायर रस्त्याला टेकतो तिथे तो चपटा होतो आणि पुढे सरकताच पुन्हा गोल होतो. रबर दर फेरीला असे दबते-फुगते आणि त्यात थोडी ऊर्जा उष्णता बनून निघून जाते. लांबच्या फेरीनंतर टायरला हात लावला तर तो गरम लागतो, ते हेच डिझेल. चांगल्या टायरला दर टन वजनामागे साधारण ९ किलोचा विरोध होतो असे धरले, तर मालासह तीन टनांची पिकअप पुढे ढकलायला सतत २७ किलोचा जोर लागतो. इंजिनात जळणाऱ्या डिझेलपैकी जेमतेम तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो हे लक्षात घेतले, तर १०० किलोमीटरमागे सुमारे अडीच लिटर डिझेल केवळ टायर दाबण्या-फुगवण्यात जाते. हाच विरोध ९ ऐवजी १२ किलो झाला, तर १०० किलोमीटरमागे आणखी पाऊण ते एक लिटर जाते.

हा विरोध नऊचा बारा कशाने होतो? नुसत्या व्यासाने नव्हे. उलट बाकी सगळे तेच ठेवून चाक मोठे केले तर विरोध थोडा घटतो. बैलगाडीचे लाकडी चाक माणसाच्या छातीपर्यंत का यायचे, याचे उत्तर यातच आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावरून सहज चढते. पण दुकानातून आणलेला मोठा टायर बहुधा नुसता मोठा नसतो. तो रुंद असतो, जड असतो आणि चिखलासाठी म्हणून खोल खाचांचा, जाड गोट्यांचा असतो. या गोट्या पक्क्या रस्त्यावर दर फेरीला वाकतात, घासतात, आवाज करतात. विरोध त्यातून वाढतो. म्हणजे डिझेल खाण्यात व्यासापेक्षा नक्षीचा आणि जाडीचा हात मोठा असतो.

दुसरे कारण फिरत्या वजनाचे. गाडीच्या हौद्यात ठेवलेले १० किलो वजन फक्त पुढे न्यायचे असते. टायरच्या कडेला वाढलेले १० किलो पुढेही न्यायचे असते आणि गरगर फिरवायचेही असते. त्यामुळे गाडीला वेग देताना टायरच्या कडेचे वजन जवळपास दुप्पट भरते. वडनेरहून सुटून सरळ महामार्गाने जाणाऱ्या गाडीला याचा फारसा त्रास नाही. पण गावोगावी थांबत, बाजारातल्या गर्दीतून दर शंभर पावलांवर ब्रेक मारत जाणाऱ्या गाडीला तो दिवसभर सोसावा लागतो.

तिसरे कारण वाऱ्याचे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण वाऱ्याचा विरोध पावणेदोन पटींपलीकडे जातो. मोठा टायर इथे लपून घाव घालतो. मीटरचा काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे धावत असते आणि वाऱ्याचा विरोध सुमारे ९ टक्क्यांनी वाढलेला असतो. चालक म्हणतो, मी नेहमीच्याच वेगाने चालवतो. त्याच्या दृष्टीने ते खरेही असते.

हे कारण आजच्या महामार्गावर पूर्वीपेक्षा महत्त्वाचे आहे. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या अमरावती ते अकोला टप्प्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रस्ता सुधारला तसा गाड्यांचा वेग वाढला. पूर्वी पिकअपचे डिझेल खड्डे खायचे. आता ते वारा खातो.

चौथे कारण गिअरचे. मोठे चाक लावणे म्हणजे प्रत्येक गिअर थोडा उंच करणे. त्याच वेगाला इंजिन सुमारे ४ टक्के कमी फिरते. सपाट रस्ता, हलका माल आणि बेताचा वेग असेल तर याचा थोडा फायदाही होऊ शकतो. मोठ्या टायरने आपला ॲव्हरेज वाढला असे सांगणारे काही चालक भेटतात, ते सगळेच खोटे बोलत नसतात. पण भरलेल्या गाडीला चढ लागला की हिशेब उलटतो. मोताळ्याहून बुलढाण्याकडे जाताना राजूर घाट लागतो. तीन टनांच्या गाडीला दर १०० मीटर उंची चढण्यासाठीच पाव लिटरहून थोडे जास्त डिझेल लागते, मग टायर कोणताही असो. चाक मोठे असेल तर तोच चढ चढताना इंजिन लवकर दमते, खालचा गिअर आधी टाकावा लागतो आणि क्लच अर्धवट दाबून गाडी ओढली जाते. धूर तिथेच काळा होतो आणि क्लचप्लेटही तिथेच जळते.

दीड सेंटीमीटरची किंमत

ज्या कारणासाठी मोठा टायर घेतला, ते तरी साधते का? व्यास ३० मिलिमीटरने वाढला तर गाडीचा मधला आस त्याच्या निम्म्याने वर येतो, म्हणजे फक्त १५ मिलिमीटर. दीड सेंटीमीटर. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या मातीत पावसाळ्यात उमटणारी ट्रॅक्टरची चाकोरी याच्या कितीतरी पट खोल असते. दीड सेंटीमीटरने तिथली अडचण सुटत नाही. तिथे उपयोग होतो तो शाबूत नक्षीचा, बेताच्या मालाचा आणि मुख्य म्हणजे पांदण पक्की होण्याचा. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना आणली ती याच गरजेतून. शेतरस्त्यावर पडलेला मुरूम गावातल्या प्रत्येक गाडीचे डिझेल वाचवतो. एका मालकाचा मोठा टायर फक्त त्याच्याच गाडीचे डिझेल वाढवतो.

त्यात पांदणीचे अंतर एक-दोन किलोमीटर आणि महामार्गाचे तीस-चाळीस. चिखलासाठी घेतलेल्या टायरचे मोल डांबरावर चुकवावे लागते.

हे मोल रुपयांत मांडता येते. पिकअप वर्षाला ३०,००० किलोमीटर धावते आणि लिटरला १२ देते असे धरले तर तिला २,५०० लिटर डिझेल लागते. ३ टक्के जास्त म्हणजे ७५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर ६,७५० रुपये. जीएसटीत वाचलेले २,४०० रुपये साडेचार महिन्यांच्या आत धुराड्यातून निघून जातात. टायर खोल खाचांचा असेल आणि १०० किलोमीटरमागे पाऊण लिटर जास्त जात असेल, तर वर्षाचा फटका २०,००० रुपयांवर पोहोचतो. ज्याची कमाई भाड्यावर आहे त्याच्या घरात ही रक्कम मुलाच्या शिक्षणाची किंवा गाडीच्या विम्याची असते.

भाडे किलोमीटरवर ठरत असेल तर तोटा आणखी वेगळ्या वाटेने होतो. मीटर १०० खऱ्या किलोमीटरला ९६ च दाखवत असेल, तर दर शंभरामागे चार किलोमीटर फुकट जातात. ऑइल बदलण्याची वेळही पुढे सरकते. मीटरवर १०,००० झाले तेव्हा इंजिन १०,४०० हून जास्त किलोमीटर धावलेले असते.

डिझेलपलीकडचा धोका

इथवरचे नुकसान पैशांचे होते. काही नुकसान पैशांत मोजता येत नाही.

टायरवर मापाच्या शेजारी भार-अंक छापलेला असतो. १०० या अंकाचा अर्थ एक टायर ८०० किलो पेलू शकतो, १०४ चा ९०० किलो, ११० चा १,०६० किलो. मोठा दिसणारा प्रत्येक टायर जास्त भार पेलतो असे नाही. प्रवासी गाडीसाठी बनवलेला रुंद, देखणा टायर पिकअपच्या मागच्या आसाला लावला, तर दिसायला तो मूळ टायरपेक्षा दांडगा आणि पेलायला कमजोर असू शकतो. त्यावर क्विंटलभर माल जादा चढवला, हवा थोडी कमी असली आणि मे महिन्यातले विदर्भाचे ऊन असले की आतली उष्णता वाढत जाते आणि टायर फुटतो. फुटलेला टायर गाडी कुठे नेईल हे चालकाच्या हातात उरत नाही.

ब्रेकचेही तसेच. मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला त्याच प्रमाणात जास्त जोर लावावा लागतो आणि गाडी मीटरपेक्षा जास्त वेगाने धावत असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालकाच्या विरोधात जातात. ज्या मालवाहू गाड्यांना वेग नियंत्रक बसवलेला असतो, त्यांचे नियंत्रकही फेऱ्यांवरच चालते. त्याची ८० ची मर्यादा रस्त्यावर ८३ होते. गाडी भरली की मागचे पाटे दबतात आणि मोठा टायर चाकावरच्या पत्र्याला घासू लागतो. रिकाम्या गाडीवर दुकानात ‘बरोबर बसला’ म्हणून घेतलेला टायर भरल्या गाडीवर बसतोच असे नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात परस्पर फेरफार करण्यास मनाई करते. नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात म्हटले आहे. उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेली मापे गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असतात. त्याबाहेर गेले तर फिटनेसच्या तपासणीत अडचण येऊ शकते आणि अपघातानंतर विमा कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते.

आरोग्याचा हिशेब शेवटी येतो, पण तो लहान नाही. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वर्षाचे जादा ७५ लिटर म्हणजे एकाच गाडीमागे २०० किलो. डिझेल इंजिनाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत हा धूर बराच गाळला जातो. पण ग्रामीण भागात त्याआधीच्या पिकअप अजून भरपूर आहेत आणि इंजिन दमवत चालवलेली जुनी गाडी सर्वात जास्त काजळी सोडते. ती काजळी महामार्गालगतच्या टपरीवर बसलेल्याच्या, एसटीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या आणि सर्वात आधी हौद्यात मालावर बसून जाणाऱ्या हमालाच्या छातीत जाते.

मग बचत कुठे आहे?

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये टायर आणि इंधन यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. टायरचा विरोध १० टक्क्यांनी घटवला तर इंधनक्षमता १ ते २ टक्क्यांनी सुधारते, हा त्याचा निष्कर्ष. अभ्यास प्रवासी गाड्यांचा असला तरी नियम सगळ्या टायरना लागू पडतो आणि तो दोन्ही दिशांनी चालतो. विरोध वाढवला की तेवढेच हातचे जाते. भारतातही २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांचे निकष अधिसूचित केले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने फ्रिज-पंख्यांसारखी तारांकित चिठ्ठी टायरसाठीही आणली आहे. टायर घेताना दुकानदाराला ‘किती मोठा आहे’ याऐवजी ‘किती तारे आहेत, भार-अंक किती आहे’ हे विचारणे जास्त फायद्याचे.

त्याहून स्वस्त उपाय हवेचा आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार चारही टायरमधील हवा सरासरी एका पीएसआयने कमी असेल तर इंधनक्षमता सुमारे ०.२ टक्क्याने घटते. हवा १० पीएसआय कमी, म्हणजे घट २ टक्के. एक माप मोठ्या टायरने होणाऱ्या नुकसानीच्या जवळपास हे नुकसान पोहोचते आणि ते टाळायला पंक्चरवाल्याकडची पाच मिनिटे पुरतात. हवा टायर थंड असताना, सकाळी निघण्याआधी तपासावी. रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी आकडे वेगळे असतात. ते पुस्तिकेत किंवा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असतात. टायरच्या बाजूला छापलेला कमाल दाब हा भरायचा आकडा नव्हे.

आणि ज्याने मोठे टायर आधीच टाकले आहेत, त्याने निदान खरा हिशेब करून पाहावा. त्याला यंत्र लागत नाही, खडू आणि टेप पुरते. गाडी नेहमीच्या मालासह सपाट जागी उभी करावी. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करावी. गाडी हळूच पुढे ढकलून चाकाची बरोबर एक फेरी पूर्ण करावी आणि जमिनीवर दुसरी खूण करावी. दोन खुणांतले अंतर टेपने मोजावे. मूळ मापाच्या टायरवर चालणाऱ्या तशाच दुसऱ्या गाडीचे अंतर याच पद्धतीने घ्यावे. आपल्या अंतराला त्या अंतराने भागले की मीटरच्या किलोमीटरला कशाने गुणायचे तो आकडा मिळतो. मोबाइलवरच्या नकाशाने वीस-तीस किलोमीटर सरळ रस्त्यावर तपासले तरी चालते.

मग टाकी काठोकाठ भरावी, आठवडाभर नेहमीचे भाडे करावे आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. किलोमीटरला तो आकडा लावून लिटरने भागावे. आलेले उत्तर जुन्या ॲव्हरेजच्या जवळ असेल तर इंजेक्टर खोलण्याचा खर्च वाचला. ते खरेच खाली आले असेल तर नुकसान नेमके किती हे कळले आणि पुढच्या वेळी कोणते माप टाकायचे हेही ठरले.